सात शेठना, एक मन्हा

"तात्यांना अक्षरओळख नव्हती. मास्तरकी चालून आली, तेव्हा वही बघूनच ते घाबरले आणि मागे सरले." हे विधान तात्यांच्या दहाव्याला, तापीच्या काठावर, कावळ्याची वाट पाहत बसलेल्या मंडळींत त्यांच्या व्याह्यांनी केले. चार माना डोलल्या. व्याही भाजीपाल्याचे व्यापारी. मागाच्या कारखान्याचा, म्हणजे आमच्या भाषेत खात्याचा, उंबरा त्यांनी कधी ओलांडलेला नाही. मी गुजराती मुलखातल्या कडोदऱ्याच्या त्या खात्यात तात्यांबरोबर नऊ वर्षे काढली, आणि त्यांनी नाकारलेली मास्तरकी, म्हणजे सगळ्या मागांवरची देखरेख, मलाच मिळाली. तेव्हा बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे वाचकांनी ठरवावे.

तात्या अमळनेरकडचे. अंगाने काटकुळे, भुवयांत सदैव सुताचा भुगा अडकलेला. आठ माग सांभाळत. रोज दुपारी चार वाजता त्यांतला एक माग ते आपल्या हाताने बंद करीत, सुताच्या कांड्यांचे रिकामे खोके उलटे घालून त्यावर बसत आणि चहा संपेपर्यंत त्या थांबलेल्या मागाकडे पाहत राहत. सोमवारी पहिला, मंगळवारी दुसरा, असा क्रम. कोणी हटकले तर म्हणत, "सात शेठना, एक मन्हा." म्हणजे सात माग शेठचे, एक माझा. शेठ तक्रार करीत नसत, कारण संबंध खात्यात कापडाचा बिनडागी ताका निघे तो तात्यांच्याच मागांवर.

जुने मास्तर गावी परतले, तेव्हा शेठने मला बोलावून सांगितले, "तात्याए ना पाडी. हवे तमे संभाळो." नकार देऊन तात्या मोकळे झाले होते आणि जागा माझ्याकडे आली होती. मी बीडकडचा, मॅट्रिक झालेला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संशय. चालून आलेली जागा माणूस उगाच सोडत नाही. मी चुकेन, तोंडघशी पडेन, आणि मग शेठ त्यांना हात जोडून बोलावतील, याचीच हा मनुष्य वाट पाहत असणार, असा निष्कर्ष मी काढला.

त्या दिवसापासून मी स्वतःला नियम घालून घेतले. केबिनमधले स्टूल बाहेर काढले. दिवसातून दोनदा प्रत्येक मागावर हात ठेवायचा. डबा उभ्यानेच खायचा. पाळी संपली तरी पुढच्या पाळीचे माग लागेपर्यंत निघायचे नाही. दिवाळीला गावी गेलो नाही. यांतले काहीही शेठने मागितले नव्हते, हे आज कबूल करतो.

एका दुपारी तात्या खोके घेऊन माझ्यापुढे आले. "मास्तर, बठीसन खा."

"खाली बसलो तर माग कोण पाहील?"

"माग काय पळी जाई? तार तुटनी ते आपोआप उभा ऱ्हाई. तू बी उभाच शे, तुन्ही कोनती तार तुटनी?"

आसपासचे कारागीर हसले. मी रागाने बसलो, आणि नेमके त्याच वेळी शेठ आत आले. मी ताडकन उठलो. "बेसो, बेसो," म्हणत ते पुढे निघून गेले. वेळ तात्यांनीच साधली, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतेच बोललो.

चार महिन्यांनी, भर सकाळी, मागावर ताण्याच्या सुताचा बीम चढवताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली कोसळलो. अंगात ताप किती दिवसांचा होता कोण जाणे. तात्यांनी मला रिक्षात घातले. "तीन दिन तोंड दखाडू नको," एवढेच बोलले. ते तीन दिवस मी अंथरुणात तापाने कमी आणि या वाक्याच्या अर्थाने जास्त तळमळलो. मला दूर ठेवण्यात त्यांचा लाभ उघड होता. बायको म्हणाली, "अहो, तो माणूस रोज येऊन विचारपूस करतो." मी म्हणालो, "अंदाज घ्यायला येत असेल."

चौथ्या दिवशी अंगात त्राण नसताना खात्यावर गेलो. फाटकातच थांबून कान दिले. सगळे माग एका लयीत चालले होते. माझ्यावाचून. ऐकून मला बरे वाटले नाही, हेही लिहून ठेवतो.

केबिनमध्ये माझे स्टूल परत ठेवलेले होते. टेबलावर बिघाडवही होती. कोणता माग कशाने थांबला आणि कसा सुरू झाला, हे मास्तराने तीत रोज लिहायचे असते. तीन दिवसांची तीन पाने भरलेली होती. सहीची जागा तेवढी माझ्यासाठी कोरी होती. शेठचे मुनीमजी गुजरातीत लिहीत. हे अक्षर देवनागरी होते, ठसठशीत. मी वही घेऊन तात्यांकडे गेलो.

"तात्या, हजेरीला तुम्ही अंगठा उठवता. मग हे कोणाचे?"

त्यांनी माग थांबवला. "हळू बोल. कोनले सांगू नको, नहीतर माले बठाडतीन तुन्ही जागावर."

"त्यात वाईट काय?"

"पहिले मी दोन वरीस मास्तर व्हतू, दुसरा खातामा. तुन्हासारखाच. भाकर कशी लागस, भुली गयतू." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "खातं काय तुन्हा खांदावर चालस?"

मी त्या तीन कोऱ्या जागांवर सह्या केल्या. त्यांचा शब्द राखून गप्प राहिलो, असे म्हणायला मला आवडले असते. खरे कारण असे की, त्या पानांखाली माझी सही होती आणि ती तशीच राहावी अशी माझी इच्छा होती. मात्र त्या दिवसापासून डबा स्टुलावर बसून खाल्ला, आणि पुढच्या दिवाळीला गावी गेलो. व्याह्यांच्या विधानामागचा समज इतकी वर्षे टिकला तो माझ्या मौनावर.

खाते विकले गेले तेव्हा रद्दीतून ती वही मी उचलून आणली. ज्याला तात्या निरक्षर वाटत असतील त्याने माझ्या घरी यावे. तिसऱ्या पानावर, माझ्या सहीच्या वर, तात्यांच्या हातची नोंद आहे: "चार वाजता. तीन नंबर बंद, मन्हा. बाकी सात चालू. मास्तर घर शे. खातं चालू शे."