काटेताई आणि आमची चूल

काटेताई कुणाच्याही घरात शिरली की हात पाठीमागे बांधून उभी राहायची. वस्तीतल्या बाया हसायच्या, "काहून वो, मास्तरनं उभं केलं का हिले?" मला हसू येत नसे. ती सवय तिला माझ्याच घरात लागली होती.

ती कारंज्याची, एका संस्थेची. आमच्या आंध आदिवासींच्या वस्तीत लेकरांची वजनं घ्यायला यायची, खांद्याला वजनकाटा अडकवून, म्हणून काटेताई. पहिल्याच फेरीत अंगणवाडीच्या बाया घेऊन ती माझ्या चुलीपाशी आली. माझी सुमी तेव्हा नुसती काडी होती. "काय खाऊ घालता हिले, पाहू?" म्हणत तिनं भाकरीच्या टोपलीवरचं फडकं उचललं. आत काहीच नव्हतं. घरात भाकर नसली तरी टोपली झाकून ठेवायची, ही आमच्या घरची रीत. शेजारणीला कळू नये, घराची लाज राहावी. चारचौघींसमोर ती लाज गेली. "झालं पाहून? आता निघा," मी म्हणाले, आणि सुमीला अंगणवाडीत पाठवणंच बंद केलं. पोर वाळत होती, दिसत होतं मला. पण ही मेली लाज भुकेहून मोठी निघाली.

काटेताई मात्र येत राहिली. दारात बसायची, पाणी मागायची, जायची. एकदा मी तरोट्याची कोवळी पानं निवडत होते, तर तीही निवडायला बसली. म्हणाली, "वैनी, दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उघडू नाही, हे माह्या मायनं शिकवलं होतं मले. शिकली अन् इसरली. माह्यावरचा राग पोरीवर नका काढू." मी भाकर आणि तरोट्याची भाजी तिच्यापुढे ठेवली. तिनं बोटं चाटली आणि पुन्हा भाजी मागितली. दुसऱ्या दिवशी सुमी अंगणवाडीत गेली.

अंगणवाडीतून मिळणारं पाकिटातलं गोड पीठ आमची लेकरं थुंकायची. ते खाऊन बकऱ्या मात्र फुगल्या होत्या. हे सांगायची कुणाची छाती नव्हती. मी काटेताईला सांगितलं. ती खो खो हसली, "मंग बकऱ्याइचं वजन करू का?" पुढे ती घरात काय नाही हे कधी विचारायची नाही. "आज रानात काय भेटलं?" एवढंच विचारायची, आणि तीच भाजी वरणात शिजवून पोरांना घालायला लावायची. वजनही मोठ्यानं सांगायची नाही; नजर लागेल म्हणून आया धसकतात, हे तिला उमगलं होतं. हळूहळू सुमीच्या गालावर मांस आलं.

संस्थेचं काम संपलं तेव्हा ती घरोघर निरोप घ्यायला निघाली. दिवस उन्हाळ्याचे. नवरा ऊसतोडीहून परतला नव्हता, रेशन आलं नव्हतं, रानही वाळलेलं. निघालेल्या बाईला ओटी भरल्याशिवाय कसं पाठवायचं? आणि माझ्या डब्यात ओटीपुरते मूठभर तांदूळही नव्हते. ती येताना दिसली आणि मी दाराआड झाले. सुमीला म्हटलं, "सांग, आई घरी नाही."

माझ्या चपला उंबऱ्यापाशीच पडल्या होत्या.

काटेताईची नजर चपलांवर गेली. मग दाराआड ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आईले सांग, ताई पोटभर जेवून आली होती. तिचं काई द्यायचं राह्यलं नाही."

बाहेर यायला एक पाऊल पुरलं असतं. ते मला टाकता आलं नाही.