उगवतीकडचं धुराडं

मिसिसिपीकाठच्या थॉर्नबरी इस्टेटीतल्या मालकाच्या मोठ्या घराचे बारा खांब व्हर्डेलने चाळीस वर्षं पुसले. कोणता खांब आतून पोकळ आहे, कोणत्या दाराचं साधं लाकूड रंगवून ओकचं भासवलंय, सगळं तिला ठाऊक. त्या घराचे नकाशे कपाटात जपलेले होते. मागच्या गुलामांच्या वस्तीचा मात्र चिटोराही नव्हता. चोवीस खोपटांतली दोन उरली होती. त्यांतलं एक दुरुस्त होणार होतं, दुसरं उतरवणार होते.

"मिस व्हर्डेल, तुमच्या पणजीचं कोणतं ते दुपारपर्यंत सांगा. तेच ठेवू," इस्टेट सांभाळणाऱ्या हॉलिसबाई म्हणाल्या.

त्यात सांगायचं काय? आजी पणजीबद्दल म्हणायची, आपल्या डायसीच्या खोपटाचं धुराडं उगवतीला. उरलेल्या दोनांत तसं खोपट एकच होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आणि नवरा गेला तेव्हाही व्हर्डेल त्याच उंबऱ्यावर येऊन बसली होती.

चुलतभाऊ अमोस कुंपणाला टेकून उकडलेल्या शेंगा खात होता.

"अगं, गुलामीतून सुटका झाल्यावर आपल्या लोकांनी ही खोपटं ओंडक्यांवर घातली, खेचरं जुंपली नि आपापल्या कसायच्या तुकड्यावर ओढून नेली," तो म्हणाला. "मोठ्या घराकडे दार नको म्हणून फिरवून ठेवली. विटांचं धुराडं खेचर ओढतंय होय? ते पाडून नवं रचलं, जमेल त्या बाजूला. आजीची खूण त्याआधीची."

"हे आज सांगतोस?"

"तू कधी विचारलंस? मला वाटायचं, तुला तिथली सावली आवडते."

व्हर्डेल पहिल्या खोपटात गेली. मग दुसऱ्यात. दोन्हीकडे त्याच सायप्रसच्या लाकडाच्या फळ्या, तोच ओल्या मातीचा वास. तिने डोळे मिटून भिंतीवर हात ठेवला. काहीच कळेना. मग इतकी वर्षं ती कुणाच्या उंबऱ्यावर रडली?

दुपारी हॉलिसबाई आल्या. व्हर्डेलने उगवतीला धुराडं नसलेल्या खोपटाकडे बोट केलं.

"त्या पलीकडच्याचा तळ अजून धड आहे," ती म्हणाली. "ते ठेवा."

"म्हणजे तुमच्या पणजीचं तेच ना? तसं पाटीवर लिहू?"

"ते नका लिहू. कुणीतरी राहत होतं, एवढं लिहा."

घरी निघताना ती सवयीने आपल्या जुन्या उंबऱ्याकडे वळली, अर्ध्या वाटेत थांबली. बसावं की नको, हे तिला ठरवता येईना. अमोसने पुढे येऊन शेंगांचा पुडा तिच्यापुढे धरला. तिने एक शेंग घेतली आणि तशीच मुठीत धरून उभी राहिली.