फेस्याची बादली

माझा धाकटा भाऊ गेला त्याची ही गोष्ट. मला लिहिता फारसं येत नाही, बोलते तसंच मोबाईलवर टाकते. मेव्हण्यानं वाचलं तर उत्तमच.

मेव्हणा म्हणजे आमच्या मालकाच्या बायकोचा भाऊ, कारखान्यात सुपरवायझर. मालक सारखं मेव्हणे मेव्हणे करायचा, म्हणून तो सगळ्या कारखान्याचाच मेव्हणा झाला.

आम्ही भिंतीचे हलके ब्लॉक बनवतो. मी त्यांच्यावर पाणी मारते. भाऊ त्यांच्यात हवा भरायचा. खरंच, ब्लॉकमध्ये निम्मी हवाच असते. आधी आमच्याकडे ॲल्युमिनियमची पावडर होती. ती सिमेंटच्या ओल्या मालात पडली की आतल्या आत गॅस होतो आणि साच्यातला माल उशीसारखा वर येतो. मग फेसाचं मशीन आलं. बाटलीतलं औषध, पाणी आणि हवा, पाइपातून पांढरा घट्ट फेस येतो, तो मालात हळू कालवायचा. भावाला ते फार आवडलं. म्हणायचा, "ताई, पावडर आपली आपण फुगते, तिच्यापुढं नुसतं बघत बसायचं. फेसाला माणूस लागतो."

म्हणून त्याचं नाव फेस्या पडलं.

माल घट्ट होईपर्यंत फेस टिकला पाहिजे, नाहीतर हवा पळून जाते आणि ब्लॉक खाली बसतो. ते बघायची त्याची एक रीत होती. बादलीभर फेस घ्यायचा, बादली डोक्यावर उलटी धरायची आणि तशीच धरून एक गोष्ट सांगायची. गोष्ट संपेपर्यंत फेस पडला नाही तर कामाला लागा. गोष्ट ठरलेली. एकजण न्हाव्याकडे दाढीला बसतो, न्हावी तोंडभर फेस लावून चहाला जातो, हा कंटाळून तसाच घरी येतो... शेवट सगळ्यांना पाठ, तरी सगळे हसायचे. दुसरा कुणी म्हणाला फेस चांगला आहे, की फेस्या बादली पुढं करायचा, "मग धर की डोक्यावर!"

मग मेव्हण्यानं औषध बंद केलं आणि कॅनमधून भांडी घासायचा साबण आणला. पहिल्याच दिवशी न्हावी चहाला जायच्या आत सगळा फेस भावाच्या डोक्यावर. सगळे खो खो हसले. तो हसला नाही. म्हणाला, "मेव्हणे, ह्याचे ब्लॉक उभे राहायचे नाहीत."

मेव्हणा म्हणाला, "तू अंघोळ करून घेतलीस ना? आता मशीन चालू कर. नाहीतर घरी बस, बाहेर रांग लागलीय."

घरी बायको, पोरगी. केलं चालू.

ते ब्लॉक वरून छान दिसायचे, आतून भुसा. मी पाणी मारलं की कोपरे हातात यायचे. तरी मेव्हण्यानं त्यांची उंच चळत लावायला लावली. भाऊ खाली वाकून खालची रांग ठोकून बघत होता. खालची रांग दबली आणि अख्खी चळत त्याच्यावर आली. एक ब्लॉक हलका असतो हो. चळत हलकी नसते.

माती झाली त्याच दिवशी मेव्हणा गेटवर सगळ्यांना सांगत होता, "पाणी जास्त घातलं त्यानं. हात चुकला. स्वतःच्या कर्मानं गेला."

ते गल्लीत आलं, घरात आलं. पोरगी मला विचारते, "आत्या, बाबा चुकले का गं?" मी तिच्या केसातून हात फिरवला आणि मनात म्हणलं, ह्याचं उत्तर मेव्हण्याच्याच तोंडून काढीन.

म्हणून मी काम सोडलं नाही. लोक म्हणाले, हिला काही वाटतच नाही. म्हणू देत.

एक दिवस मोठी गिऱ्हाईक बाई आली, इमारती बांधणारी. मालक सोबत. मेव्हणा तिला म्हणतो, "मॅडम, औषध तेच आहे, एकदम टॉप."

मी पाण्याचा पाइप खाली टाकला, भावाची बादली फेसानं भरली आणि नेऊन दिली. "मेव्हणे, मग धरा डोक्यावर. आपल्याकडची रीत आहे."

बाई हसली. "धरा की, बघू."

काय करतो? धरली. ताजा फेस, क्षणभर टिकला. मेव्हण्याच्या तोंडावर हसू. मी म्हणलं, "हलू नका. एकजण न्हाव्याकडे दाढीला बसला..."

न्हाव्यानं ब्रश उचलला नव्हता अजून. सगळा फेस मेव्हण्याच्या डोक्यावर, डोळ्यांत, तोंडात. कुणी हसलं नाही. मिक्सरवाला म्हणाला, "मॅडम, ह्याच फेसाच्या ब्लॉकांखाली हिचा भाऊ गेला."

मेव्हणा डोळे चोळत ओरडला, "साबणानं कुणी मरतं का रे? सगळेच साबण वापरतात! आणला मी साबण, मग काय झालं?"

मालकानं मान खाली घातली. बाई गाडीत जाऊन बसली. सगळ्यांनी ऐकलं, मला तेवढंच पाहिजे होतं.

मेव्हणा आंधळ्यासारखा हात पुढं करून माझ्याकडे आला. "ताई, डोळे जळतायत, पाणी दे."

ताई म्हणाला मला. पहिल्यांदाच.

मी पाइप उचलला आणि ब्लॉकांवर पाणी मारत राहिले. गोष्टीचा शेवट तेवढा त्याला ऐकवला, "बायको दार उघडून म्हणते, हे घरात नाहीत, नंतर या."