पत्र्याला पाडलेलं भोक

पाय मोडला नसता तर आमच्या स्वयंपाकघरात दुपारी दोन वाजता काय होतं हे मला कधी कळलंच नसतं. एकोणतीस वर्षं मी त्या घरात राहत होतो आणि मला माहीत नव्हतं, याची चीड अजून गेलेली नाही. आधी शाळा, मग कॉलेज, मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नोकरी. दुपारी मी घरी नसायचोच. सुट्टीच्या दिवशी असलो तरी पुढच्या खोलीत, कूलरपुढे पसरलेला असायचो.

एप्रिलच्या सुरुवातीला कारखान्यातून येताना बाईक घसरली. उजव्या पायाला गुडघ्याखाली प्लास्टर घालून डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलं.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. पुढच्या खोलीत टीव्ही, दिवाण, कूलर आणि अप्पा. माझे वडील पॉवरलूमवर तीस वर्षं काढून आता घरी बसलेले. मागे स्वयंपाकघर. तिथे आई कडक भाकरी करते. एका दुकानाची रोजची ऑर्डर आहे. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पापडासारखी वाजेपर्यंत कडक करायची. घरचं आवरून अकराला ओट्यापुढे स्टुलावर बसली की चार वाजेपर्यंत दोन शेगड्या पेटलेल्या. वर तापलेला पत्रा, तोही हात वर केला तर लागेल इतका खाली. खिडकी नाही. कूलरची थोडी हवा मधल्या दारातून तरी आत आली असती, पण अप्पा ते दार लोटून घ्यायचे. ‘‘मागची गरम हवा पुढं येती,’’ म्हणायचे.

पहिले तीन-चार दिवस मीही त्या लोटलेल्या दाराच्या अलीकडेच झोपलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी अप्पांवर फार ओरडलो.

पाचव्या दिवशी दुपारी आतून परात पडल्याचा आवाज आला. परात फरशीवर गरगरत राहिली आणि ती उचलायला कुणी धावलं नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. कुबड्या घेऊन, दार ढकलून आत गेलो तर आई ओट्याच्या खाली आडवी पडलेली. पीठ सगळीकडे. उजव्या हाताचं मनगट तव्याला लागून सोललं होतं आणि तवा तसाच वर धूर सोडत होता. दारातच त्या खोलीची हवा तोंडावर अशी आली की मला मागे सरावंसं वाटलं. माझी आई त्या हवेत रोज पाच तास बसत होती.

अप्पा कूलरपुढे झोपले होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेलेत. मी ओरडलो, तेव्हा उठले. पाणी आणलं, आईच्या डोळ्यांवर मारलं, तिला उचलून पुढे आणून दिवाणावर झोपवलं. ती डोळे उघडून बसल्यावर म्हणाले, ‘‘उन्हाळाच हाय तसा. पडती कधी कधी.’’

‘‘कधी कधी म्हणजे?’’

आईच म्हणाली, ‘‘गेल्या साली दोनदा पडले होते की.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीस?’’

‘‘तुला सांगून तू काय करणार होतास?’’

तिनं हे चिडून विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मी काही करणार नव्हतो. तिचा अंदाज चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. म्हणूनच तो राग इतका चढला असावा.

आमच्या कारखान्याच्या गोदामावर टर्बो बसवलेले आहेत. ॲल्युमिनियमच्या पात्यांचे, कांद्यासारखा मोठा गोल फुगवटा असलेले पंखे. वाऱ्यावर फिरतात, वीज लागत नाही, आणि पत्र्याखाली साचलेली गरम हवा वर ओढून बाहेर टाकतात. मालाला कोंदट वास लागू नये म्हणून बसवले होते. ते बसवताना मी स्वतः शिडीपाशी उभा होतो. म्हणजे घडी करून पोत्यात बांधलेल्या टॉवेलांना हवा पाहिजे, हे मला कळत होतं. ते बसवणाऱ्या मिस्त्रींना मी त्याच संध्याकाळी फोन केला.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते उठूनच बसले.

‘‘पत्र्याला भोक पाडायचं न्हाय. पावसात गळलं म्हंजे?’’

‘‘गळलं तर बादली ठेवू. माणूस मेल्यावर काय ठेवणार?’’

‘‘तोंड सांभाळ. तीस वर्षं मी त्या भट्टीत उभा हुतो. कुणी माझ्या डोक्यावर पंखा लावला न्हाय.’’

‘‘म्हणून तिच्याही डोक्यावर लावायचा नाही?’’

‘‘ऊन सोलापूरचं हाय. मी आणलं न्हाय,’’ अप्पा म्हणाले आणि त्यांनी कूलरचं तोंड स्वतःकडे वळवलं. हे त्यांनी सवयीनं केलं. मुद्दाम केलं असतं तर मला कमी राग आला असता.

आई मध्येच म्हणाली, ‘‘जाऊ दे की रे. दोन म्हयने तर हायेत.’’ मग मी तिच्यावरही ओरडलो. मनगटाला मलम लावून बसलेल्या बाईवर. त्या आठवड्यात माझ्या रागाला आगापिछा राहिला नव्हता.

मिस्त्री आले. अक्कलकोटकडचे, मराठीत मधूनच कन्नड शब्द यायचा. अप्पांनी त्यांना दारातच अडवलं आणि आपल्या दिवाणाच्या वर बोट दाखवलं. ‘‘बसवायचाच असंल तर हितं बसव.’’

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी कुबडी उचलून मागच्या खोलीकडे दाखवली. ते शिडी घेऊन मागे गेले. त्यांना घराघरातली भांडणं सवयीची असावीत.

कटरच्या आवाजानं सगळी गल्ली गोळा झाली. ठिणग्या उडाल्या, पत्र्याची गोल चकती खाली आली आणि तिच्यामागून स्वयंपाकघरात उन्हाचा एक थाळीएवढा तुकडा पडला. आईनं आधी पिठाचा डबा झाकला, मग वर पाहिलं. मिस्त्रींनी भोकावर फायबरची बैठक ठेवली, कडेनं सिलिकॉन भरलं, स्क्रू आवळले आणि वर टर्बो बसवला. वारा फारसा नव्हता, तरी तो फिरायला लागला. मी आईकडे बघून म्हणालो, ‘‘आता बघ.’’

दोन दिवस बघितलं. काही फरक पडला नाही. टर्बो फिरत होता, आणि खाली आई तशीच घामानं भिजून बसत होती. अप्पा पुढच्या खोलीतून विचारायचे, ‘‘काय, थंडी वाजाय लागली का?’’ तिसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना फोनवर इतकं बोललो की दुसरा कुणी आलाच नसता. ते भर दुपारी आले.

आल्या आल्या त्यांनी आईकडून एक उदबत्ती मागून घेतली, पेटवली आणि खोलीच्या मधोमध धरली. धूर थोडा वर जायचा आणि तिथेच घुटमळायचा.

‘‘वरून ओढून काढायचं तर खालून यायला पाहिजे की, साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘हवा येणार कुठनं? त्या दिवशी दार सताड उघडं होतं, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. खिडकी न्हाय का हितं?’’

आईनं हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. ओट्याच्या डाव्या हाताला गिलाव्याचा एक चौकोन बाकीच्या भिंतीहून वेगळा दिसत होता. रोज नजरेसमोर असूनही मी तो विसरून गेलो होतो.

तिथे खिडकी होती. ती ज्या बोळात उघडायची त्याच्या पलीकडे माझ्या थोरल्या काकांचं घर. नऊ वर्षांपूर्वी काकांनी मोरीचं पाणी त्या बोळात सोडलं. त्यावरून दोघा भावांचं वाजलं, बोलणं बंद झालं, आणि अप्पांनी एका दुपारात विटा लावून खिडकी बुजवली. ‘‘त्येचं तोंड बघायला नको,’’ म्हणाले होते. काकांचं तोंड त्या खिडकीतून दिसायचंही नाही. पलीकडे काकूंचं स्वयंपाकघर होतं. दिसल्या तर काकू दिसायच्या. पण भांडण पुरुषांचं होतं, आणि विटा लागल्या त्या बायकांच्या खिडकीला. नऊ उन्हाळे आई त्या विटांच्या शेजारी बसून भाकऱ्या थापत होती. विटा लावल्या तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. मी तेव्हा काय केलं? अप्पांना वाळूचं घमेलं उचलून दिलं.

‘‘हातोडा द्या,’’ मी मिस्त्रींना म्हणालो.

अप्पा दारात येऊन उभे राहिले. ‘‘ती भिंत फोडायची न्हाय. मी हाय तवर न्हाय.’’

‘‘तुम्ही मधलं दार उघडं ठेवा, मग नाही फोडत.’’

‘‘माझ्या घरात मला सांगतोस?’’

‘‘तिचं नाही का घर?’’

हा प्रश्नच त्यांना कळला नाही. मी एका काखेत कुबडी धरून दुसऱ्या हातानं हातोडा घातला. गिलाव्याचा टवका उडाला. दुसरा घाव घालताना कुबडी पिठावरून सरकली आणि मी ओट्यावर आदळलो. पायातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. अप्पा म्हणाले, ‘‘बघा. निघालाय भिंत फोडायला.’’

तोवर आई एका बाजूला काम करतच होती. झालेल्या भाकऱ्या तिनं डब्यात रचल्या, वर फडकं टाकलं, दोन्ही शेगड्या बंद केल्या. मग मोरीच्या कोपऱ्यातली पहार घेऊन आली आणि मला म्हणाली, ‘‘सरक.’’

मिस्त्री पुढे झाले. ‘‘अव्वा, मी देतो की फोडून.’’

‘‘नको. हे घरातलंच हाय.’’

तिनं पदर खोचला आणि पहार मारली. मनगटाला पट्टी होती, म्हणून डावा हात पुढे धरला होता. एक, दोन, तीन. तिचं तोंड रागावलेलं दिसत नव्हतं. रोज भाकरी थापताना दिसतं तसंच दिसत होतं. अप्पांनी तिला नावानं हाक मारली, एकदाच. तिनं वळून पाहिलं नाही. ते पुढच्या खोलीत गेले आणि टीव्हीचा आवाज इतका वाढवला की पहारीचे घाव ऐकू येईनात.

पहिली वीट पलीकडे पडली तेव्हा बोळातून काकूंचा आवाज आला, ‘‘कोण हाय गं?’’

‘‘मी हाय, अक्का. बाजूला व्हा, वीट लागंल.’’

नऊ वर्षं या दोघी नळावर समोरासमोर आल्या तरी मान फिरवून जायच्या. आता भोकातून बांगड्या घातलेला एक हात आला, त्यानं हलणारी वीट धरली आणि आपल्याकडे ओढून घेतली. त्यानंतर आई अलीकडून सैल करत गेली आणि काकू पलीकडून काढत गेल्या.

‘‘तुमच्यात पण असंच तापतंय?’’ आईनं विचारलं.

‘‘न्हाय तर काय! शिजून निघालो की गं आमी,’’ काकू म्हणाल्या.

खिडकी मोकळी झाल्यावर मिस्त्रींनी दुसरी उदबत्ती पेटवली. धूर आधी तिरका झाला, मग सरळ टर्बोकडे ओढला गेला. स्वयंपाकघर काही गार झालं नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली दोन शेगड्या पेटवून ते होणारही नाही. पण कोंडलेली आग निघून गेली. आईला तिथे बसून श्वास घेता यायला लागला. काकूंनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूनं खिडकीवर ओलं गोणपाट टांगलं, तेव्हा आणखी बरं झालं. काकांनी त्यावरून त्यांना शिव्या दिल्या. त्या आम्हाला बसल्या जागी ऐकू आल्या. गोणपाट मात्र तिथेच राहिलं.

अप्पा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. आईशी बोलायचे, कारण जेवण मागायला बोलावंच लागायचं. एकदा मी आईला म्हटलं, ‘‘बघ, भांडलो म्हणून झालं.’’

ती खिडकीच्या चौकटीवरची विटांची भुकटी पुसत होती. ‘‘तू ओरडलास,’’ ती म्हणाली. ‘‘फोडलं मी.’’

मे संपता संपता माझी आत्या दोन दिवस राहायला आली. ती टेकते न टेकते तोच अप्पा तिला मागच्या खोलीत घेऊन गेले. मी दारात उभा होतो. अप्पांनी वर बोट केलं. ‘‘टर्बो बसवून घेतला. वाऱ्यावर फिरतोय, लाइट लागत न्हाय. गरम हवा सगळी वर ओढून घेतो. पण खालून हवा यायला पाहिजे, म्हणून मग ही खिडकी काढली.’’

‘‘दादानं लई डोकं लावलं की गं,’’ आत्या आईला म्हणाली.

मी तोंड उघडणार इतक्यात आईनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘व्हय,’’ ती आत्याला म्हणाली, ‘‘ह्यांनीच बसवला.’’ आणि तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मी तिथून निघून बाहेर पायरीवर येऊन बसलो. कानशिलं तापली होती. आत अप्पा आत्याला टर्बोला वारा किती लागतो ते समजावत होते आणि त्यांचा आवाज गल्लीपर्यंत येत होता.