विकायला काढलेली बास

बहरीनला आल्यावर चर्चच्या क्वायरसाठी मला बास गिटार हवी होती. इथल्या हूरा भागात राहणाऱ्या एका वसईकर अंकलनी आपली जुनी विकायला काढल्याची जाहिरात दिसली. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिसा संपली की मी त्यांच्या खोलीवर जायचो, आणि दर वेळी तेच! बास केसमधून निघायची, मऊ फडक्याने पुसली जायची, मग ते स्वतःच वाजवत बसायचे. मी हात पुढे केला की म्हणायचे, "थांब रे, आधी आवाज तर ऐक." तासभर ऐकून किंमत विचारली की त्यांना खोट सापडायची. "हिची मान जरा वाकलीय. पुढच्या शुक्रवारी ये, सरळ करून ठेवतो."

शेवटी माझं डोकंच फिरलं. "अंकल, विकायची नाही तर जाहिरात कशाला? काढून टाका, खलास!"

तारेवरचं बोट न उचलता ते म्हणाले, "आमचा हॉटेलातला बँड बंद झाला. गाणारा असला तर लोक बसतात. नुसती बास ऐकायला कोण येतं, सांग?"

दुसऱ्याच दिवशी मी दुकानातून नवीकोरी बास आणली. वैताग आहे नुसता! तरी शुक्रवारी हूराला जातो, आणि तासभर ऐकून झालं की किंमत विचारतो.