तिसऱ्या ड्रॉवरातलं जेवण

पेडव्यांचं तिखलं मी एकदा ऑफिसच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून, एका हाताने, स्क्रीनवरची नजर न काढता खाल्लं होतं. पेडवे ज्यांनी खाल्लेत त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: तिखलं म्हणजे माशाचं दाट, झणझणीत कालवण, आणि पेडवा म्हणजे बोटाएवढा मासा, काटे केसासारखे. दोन्ही हात, दोन्ही डोळे आणि निवांत अर्धा तास असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी खाल्लं. तेव्हा माझं वय बावन्न, म्हणजे तशी पोरच होते मी.

नोकरी नवी होती. आरोग्य विम्याचे क्लेम तपासणारं ऑफिस, लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. घर डिलाईल रोडला, चालत बारा मिनिटांवर. घरी जाऊन गरम भात खाऊन परत येता आलं असतं. पण नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, घरात पगार आणणारी मी एकटीच उरले होते, आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन संपल्यावर मला काहीही करून कायम व्हायचं होतं.

जेवायला जाऊ नका असं तिथे कुणीच म्हणत नव्हतं. नेमणुकीच्या पत्रात पाऊण तासाची सुट्टी चक्क छापलेली होती. पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह होता. खुर्च्या तेवढ्या नव्हत्या, त्या कधीतरी मीटिंगच्या खोलीत गेल्या आणि तिथेच रमल्या. आमच्या मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि बोलायला फार गोड. कुणी डबा घेऊन उठलं की हसून म्हणायच्या, "निघालात? जा जा, मी बघते तुमचं." त्या 'मी बघते'त काय होतं कोण जाणे, उठलेली बाई परत खाली बसायची.

म्हणून सगळ्यांचं जेवण तिसऱ्या ड्रॉवरात. फायली काढून जमिनीवर ठेवायच्या, डबा आत, ड्रॉवर अर्धा उघडा, डावा हात आत आणि उजवा माऊसवर. डब्यात पोळीची गुंडाळी आणि सुकी भाजी. रस्सा नाही, कारण सांडतो. पापड नाही, कारण वाजतो. डाव्या हाताने जेवायची लाज मला पहिल्या आठवड्यात वाटली, दुसऱ्यात गेली. तिसऱ्यात मी सात मिनिटांत डबा संपवू लागले आणि घरी त्याच्या बढाया मारू लागले. सासूबाई ऐकून घ्यायच्या. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या हापिसात गिरणीसारखा जेवणाचा भोंगा होत नाही का? नाही म्हटल्यावर त्या विचारात पडल्या. मग भूक लागल्याचं तुम्हाला कळतं कसं, म्हणाल्या. मला ते तेव्हा फार अडाणी वाटलं.

आमच्यात एकच बाई खरोखर जेवायला जायची. माझ्या शेजारच्या टेबलावरची, गिरगावातली, ख्रिश्चन, साधारण माझ्याच वयाची. अकरा वर्षं तिथे होती. एक वाजला की स्क्रीन बंद करायची, डबा आणि एक कापडी नॅपकिन उचलायची. मॅडम 'मी बघते' म्हणाल्या की ही "थँक यू हां" म्हणायची आणि मागच्या जिन्याने वर निघून जायची. पावणेदोनला परत, तोंड धुतलेलं.

पाऊण तास ही करते काय, या विचाराने मला पछाडलं होतं. जेवायला सात मिनिटं लागतात हे मी सिद्धच केलेलं. उरलेली अडतीस कुठे जातात? प्रार्थना म्हणत असेल असं आधी वाटलं. मग वाटलं, दुसरीकडच्या नोकरीसाठी फोन करत असेल. एकदा तर कुणीतरी भेटायला येत असेल इथपर्यंत माझी मजल गेली. वर जाऊन बघावं एवढी अक्कल मात्र सुचली नाही, कारण बघायला उठावं लागलं असतं.

त्या बुधवारी सासूबाईंना स्वस्तात ताजे पेडवे मिळाले आणि त्यांनी मला न विचारता डबा भरला. डबा उघडला तसा तिरफळांचा वास चार टेबलांपर्यंत गेला. मी काय करावं? पर्समधला अत्तराचा फवारा ड्रॉवरात मारला. मग तिखल्याला मोगऱ्याचा आणि मोगऱ्याला तिखल्याचा वास यायला लागला. पण घास तोंडात गेला आणि माझा हात थांबेना. तिसऱ्या की चौथ्या घासाला काटा घशात रुतला, आणि त्याच क्षणी मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

त्या शनिवारच्या जादा कामाबद्दल विचारत होत्या. मला बोलता येईना, म्हणून मी मान हलवली. पुढचा शनिवारही जमेल का? मान हलवली. त्याच्या पुढचाही? डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मान हलवली. मॅडमना भरून आलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ताई, इतकं मनापासून काम करणारं हल्ली कुठे भेटतं.

त्या वळल्या, तशी डबा घेऊन जेवायला निघालेल्या शेजारणीने माझं मनगट धरलं आणि मला जिन्याने वर नेलं. गच्चीच्या दाराशी मला बसवून मोबाईलचा टॉर्च लावला, पर्समधून भुवयांचा चिमटा काढला आणि आ कर म्हणाली. दुसऱ्या प्रयत्नात काटा बाहेर. मग पुन्हा खाली गेली ती माझा ड्रॉवरातला डबा घेऊनच आली.

तिथे दोन प्लास्टिकची स्टुलं होती आणि पाण्याची बाटली. बस्स. मी इकडेतिकडे बघितलं, मग सरळ विचारलं की तू रोज इथे करतेस तरी काय. तिला प्रश्नच कळला नाही. जेवते, म्हणाली. आणि नॅपकिन मांडीवर पसरून तिने भात कालवायला घेतला, इतका सावकाश की मी बघतच राहिले. दर घासाला ती थांबायची. मी दोन्ही हातांनी पेडव्यांचे काटे काढले आणि कितीतरी महिन्यांनी चव म्हणून काही लागली.

त्यानंतर मी रोज वर जाऊ लागले. रोज उठताना एकदा मॅडमच्या टेबलाकडे बघायचे आणि रोज तरीही जिना चढायचे. मॅडम तसंच हसून 'मी बघते' म्हणत राहिल्या. कामात चूक नव्हती, तीन शनिवारही मी इमानाने भरून दिले. सहावा महिना संपला तेव्हा त्यांनी बोलावून, तितक्याच गोड आवाजात, माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवल्याचं सांगितलं. काम छान आहे, पण थोडं झोकून देणं दिसायला हवं, म्हणाल्या. ते नेमकं कुठे दिसतं, असं मी खऱ्या कुतूहलाने विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हसल्या.

एक वाजत होता. मी वर गेले, स्टुलावर बसले, डबा उघडलाच नाही. प्रोबेशन वाढवलं, घरी काय सांगू, नवऱ्याला काय सांगू, उद्यापासून खालीच खाते, असं काहीबाही तिच्याजवळ बडबडले. तिने तोंडातला घास संपवला आणि म्हणाली:

"माझं दोनदा वाढवलेलं गो. दोन्ही वेळा मी जेवूनच खाली गेले. शेवटी तेच दमले आणि दिलं कायम केल्याचं लेटर. तू आत्ताच कशाला दमतेस? डबा उघड."