बिनखटक्याचा चाकू

नोकरीत पुष्कळ प्रकरणं हाताळली, बरीच विसरलो. हे एक मात्र विसरता आलेलं नाही.

साठ सालाच्या आसपास मी बेंगळुरात, मल्लेश्वरम भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक बाई धापा टाकत आली. तिच्या शेजारच्या खोलीत राहणारे निवृत्त ड्राफ्ट्समन रक्तबंबाळ होऊन पडले होते. आमच्यासारखंच इथं पिढ्यान् पिढ्या राहिलेलं मराठी घर. पण घरात उरलेले ते एकटेच. लग्न केलेलं नव्हतं. वार छातीच्या डाव्या बाजूला होता. चाकूचं टोक बरगडीवर अडलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात दिलेल्या जबाबात त्यांनी एकच नाव घेतलं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या मित्राचं.

"आला, चाकू काढला, मारला आणि गेला." उजव्या हाताच्या बोटांना पट्टी होती. "पातं धरायला गेलो," ते म्हणाले.

बाहेर शेजारीण मला हळूच म्हणाली, "साहेब, घड्याळजी तसले नाहीत ओ. वीस वर्षं झाली, रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला येतात. ह्या अण्णांकडं दुसरं कोणीच येत नाही."

घड्याळजी मूळचे धारवाडचे, विधुर. त्यांना दुकानातून ठाण्यात आणलं. खिशात मिटायचा चाकू निघाला. पंचांसमक्ष तो जप्त केला आणि त्यांना लॉकअपमध्ये घातलं. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा. चाकूवर रक्त नव्हतं, पण धुतला असेल असं मी धरून चाललो. फिर्यादी स्वतः नाव घेतोय म्हटल्यावर पोलीस फार खोलात जात नाहीत. मीही गेलो नव्हतो.

दुपारी चौकशीला बसलो.

"सकाळी त्यांच्याकडे गेला होता?"

"गेलो होतो. धारवाडला मुलीकडं कायमचा चाललोय पुढच्या आठवड्यात. ते सांगायला."

"मग भांडण झालं?"

"नाही हो. ते काही बोललेच नाहीत. स्वल्प वेळ वाट बघितली, 'सरी, बरंय, येतो' म्हणालो आणि उठलो."

बोलता बोलता मी चाकू उघडला होता. आता तो मिटेना. मी जोर लावतोय हे बघून त्यांच्यातला कारागीर गप्प बसेना.

"तसं नको, साहेब. आत पितळी पट्टी आहे, खटका. पातं उघडलं की ती बुडाशी येऊन अटकते. अंगठ्यानं बाजूला सारल्याशिवाय मिटायचं नाही. साध्या चाकूला नुसती पाठीवरची स्प्रिंग. टोकावर वाकडा जोर आला की तो हातावरच मिटतो."

आपण काय सांगून गेलो, याची त्यांना कल्पनाही नव्हती. मला मात्र अण्णांच्या बोटांवरची पट्टी आठवली.

हेड कॉन्स्टेबलकडे फळं कापायचा साधा चाकू होता. आम्ही पोत्यात गवत भरून मध्ये फळी घातली. घड्याळजींच्या चाकूनं मी सरळ-तिरके चार-पाच वार केले. पातं जागचं हललं नाही. मग हाताला जाड कापड गुंडाळून साधा चाकू घेतला. पहिला वार नीट बसला. दुसरा तिरका गेला, टोक फळीवर अडलं आणि पातं खटकन मुठीवर मिटलं. कापड फाटलं ते बोटांच्या पाठीवर. पातं धरायला गेलेल्या माणसाचा हात आतून कापतो.

मी तडक दवाखाना गाठला आणि पट्टी सोडायला लावली. तळवा कोरा होता. जखम तर्जनीच्या पाठीवर खोल होती, मधल्या बोटावर थोडी कमी.

"अण्णा, पेन्सिलीला टोक करायचा चाकू असेल ना तुमच्याकडे?"

 छताकडे बघत ते म्हणाले, "तांदळाच्या डब्यात आहे."

"स्वतःला का मारून घेतलंत?"

"पोलीस केस झाली की गाव सोडता येत नाही म्हणतात." मग माझ्याकडे वळून त्यांनी घाबरत विचारलं, "त्याला मारलं नाही ना तुम्ही?"

डब्यातून चाकू निघाला. साधाच, बिनखटक्याचा. पात्याच्या बुडाशी रक्त वाळलेलं होतं. खोट्या फिर्यादीबद्दल खटला भरावा असं वरिष्ठांचं म्हणणं होतं. मी बरीच रदबदली केली, तेव्हा समज देऊन प्रकरण मिटलं.

घड्याळजींना सोडताना मी सगळं सांगितलं.  "एकदा 'जाऊ नको' म्हणाले असते तर..." एवढंच ते बोलले आणि दवाखान्यात गेले. मीही बरोबर होतो. त्यांनी मोसंबं सोललं. मित्राची बोटं मिटत नव्हती म्हणून एकेक फोड त्यांच्या तोंडात दिली.  ठरलेल्या दिवशी घड्याळजी धारवाडला गेले.

त्या प्रकरणात मी चाकूबद्दल शंभर प्रश्न विचारले होते. 'तुमच्याकडे कोण येतं-जातं' हा प्रश्न मात्र मी तोवर फक्त संशयित शोधण्यासाठी विचारत असे. पुढे एकटं राहणारं कोणी म्हातारं माणूस ठाण्यात आलं, की मी आधी खुर्ची द्यायला सांगायचो, वही मिटून ठेवायचो आणि बोलू द्यायचो. अर्ध्या-पाऊण तासानं त्यातले बरेच जण तक्रार न लिहिताच उठून जायचे.